मोटरगाडीतील प्रज्वलन व गतिदोष

मोटरगाडीतील प्रज्वलन व गतिदोष : पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरगाडीचे एंजिन सुरू न होणे, चालता चालता अडखळणे, अवेळी बंद पडणे किंवा गाडी उभी असताना त्याची गती स्थिर न राहणे, यांचा अंतर्भाव प्रज्वलन व गतिदोषांत होतो. प्रज्वलन म्हणजे सिलिंडरात दाबलेले हवा व इंधन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविणे. डीझेल एंजिनात दाबल्यामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे ठिणगीशी निगडित दोष त्यात उद्भवत नाहीत व त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पेट्रोल एंजिन नीट चालण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : योग्य प्रमाणातील मिश्रण, पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी जोमदार ठिणगी. यांपैकी कोणतीही एक बिघडली, तरी बाहेरून जाणवणारी लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. अंतर्ग्रहण नळीच्या फटीतून जादा हवा आत शिरली, तर मिश्रण विरल होऊन पेट घेत नाही आणि दोष ठिणगीचा आहे असे वाटते. उलट ठिणगी वेळेआधी पडू लागली, तर एंजिनाची गती वाढते व दोष कार्बोरेटराचा आहे असे वाटते. दोष जेथे जाणवतो तेथेच तो असतो असे नाही. केवळ लक्षणावरून एकामागून एक भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. मोजमाप करून एकेक शक्यता ठराविक क्रमाने वगळीत जाणे, हाच दोष शोधण्याचा खात्रीचा मार्ग होय.

ऐतिहासिक आढावा : एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये तयार केलेल्या वायू-एंजिनात विद्युत् घटमाला व प्रवर्तन वेटोळे यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्यात येत असे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये एकस्व मिळविलेल्या तीनचाकी गाडीतही विद्युत् प्रज्वलनच होते. घटमाला लवकर निकामी होत असल्याने पुढे चुंबकीय जनित्राचा म्हणजे मॅग्नेटोचा वापर वाढला. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोप होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेशी ठिणगी-गुडदी तयार केली. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी घटमाला, वेटोळे व संपर्क खंडक यांची पद्धत विकसित केली. ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम बसविण्यात आली व नंतर सु. सहा दशके जगभर प्रचारात राहिली. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाडीतही हीच पद्धत होती. क्राइस्लर कंपनीने १९७३ मध्ये अमेरिकेतील आपल्या सर्व मोटरगाड्यांत खंडकाऐवजी इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन वापरण्यास सुरुवात केली. १९७९ मध्ये बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक या प्रणालीत प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेपण या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे आले. सध्याच्या गाड्यांत हीच दिशा पूर्णत्वास गेली आहे.

रचना व कार्य : केटरिंग पद्धतीत वेटोळ्याच्या लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची प्राथमिक गुंडाळी व बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची द्वितीयक गुंडाळी असते. खंडकाचे (कारागिरांच्या भाषेत ‘पॉइंट’चे) दोन स्पर्शक मिटलेले असताना घटमालेतील १२ व्होल्ट दाबाचा प्रवाह प्राथमिक गुंडाळीतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वितरकातील कॅम फिरून स्पर्शक विलग करताच हे क्षेत्र एकाएकी कोसळते. त्यामुळे प्राथमिक गुंडाळीत काही शे व्होल्ट व द्वितीयक गुंडाळीत १५,००० ते २५,००० व्होल्टपर्यंत दाब प्रवर्तित होऊ शकतो. स्पर्शकांना समांतर जोडलेले धारित्र (‘कंडेन्सर’) दोन कामे करते : स्पर्शकांमधील ठिणगी शमविते आणि चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळण्यास मदत करते. ते निकामी झाल्यास स्पर्शक जळतातच, शिवाय गुडदीतील ठिणगीही क्षीण होते. उच्च दाबाचा प्रवाह वितरकाच्या फिरत्या भुजेमार्फत क्रमाने प्रत्येक सिलिंडराच्या ठिणगी-गुडदीकडे (‘प्लग’कडे) जातो. चार सिलिंडरांच्या बहुतेक एंजिनांत हा क्रम १–३–४–२ असा असतो.

चार सिलिंडरांचे चार धावांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असता सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे एका ठिणगीच्या तयारीसाठी केवळ १/१०० सेकंद मिळतो. या अवधीचा सु. दोन-तृतीयांश भाग स्पर्शक मिटलेले असतात. स्पर्शकांतील अंतर वाजवीपेक्षा जास्त असेल, तर ते कमी काळ मिटलेले राहतात, गाभ्यात पुरेसे चुंबकीय क्षेत्र साठत नाही आणि वेगात असताना ठिणग्या हुकू लागतात. हे अंतर सामान्यतः ०·४ मिमी.च्या आसपास व गुडदीच्या अग्रांमधील अंतर ०·६ ते ०·८ मिमी. असते. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनात मिळणारा दाब अधिक असल्याने गुडदीतील अंतर १ मिमी. किंवा त्याहूनही जास्त ठेवता येते. प्रत्येक गाडीच्या निर्मात्याने दिलेले आकडे हेच अंतिम प्रमाण मानतात.

प्रज्वलन काल : मिश्रण पेटून त्याचा दाब कमाल पातळीस पोहोचण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत भुजादंड बराच फिरलेला असतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीस २ सहस्रांश सेकंदांत तो ३६ अंश फिरतो. ८०० फेऱ्यांच्या गतीस याच काळात १० अंशांपेक्षाही कमी फिरतो. म्हणून दट्ट्या सर्वोच्च स्थितीस पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते व गती वाढेल तशी ही अग्रता वाढवावी लागते. वितरकातील फिरती वजने गतीनुसार अग्रता वाढवितात, तर अंतर्ग्रहण नळीतील निर्वाताने ओढला जाणारा पडदा भार कमी असताना तीत भर घालतो. अग्रता फाजील झाली, तर चढावर एंजिनातून धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो व दट्ट्यास इजा पोहोचते. ती अपुरी राहिली, तर शक्ती घटते, एंजिन तापते व पेट्रोल जास्त जळते.

खंडकाचे अंतर व प्रज्वलन काल यांचा संबंध लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. अंतर वाढविले की स्पर्शक आधी विलग होतात व अग्रता वाढते. मात्र वितरक फिरवून अग्रता बदलली, तरी अंतर बदलत नाही. म्हणून आधी अंतर, मग प्रज्वलन काल आणि शेवटी कार्बोरेटर, याच क्रमाने समायोजन करावे लागते. हा क्रम उलटा केल्यास प्रत्येक पुढची दुरुस्ती मागची दुरुस्ती बिघडविते.

निर्भार गती : गाडी उभी असताना, वेगवर्धक पायटा (‘ॲक्सिलरेटर’) न दाबता एंजिन ज्या गतीने फिरते तिला निर्भार गती किंवा बोलीभाषेत ‘आयडलिंग’ म्हणतात. ती साधारणपणे मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असते. या गतीस निर्माण होणारी जवळजवळ सर्व शक्ती एंजिनातील घर्षण, पाण्याचा पंप व विद्युत् जनित्र चालविण्यातच खर्च होते. शिल्लक काही राहत नसल्याने अल्पसा दोषही ताबडतोब जाणवतो. थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असल्याने अंतर्ग्रहण नळीत समुद्रसपाटीस पाऱ्याच्या सु. ४३० ते ५३० मिमी. इतका निर्वात असतो व बारीकशा फटीतूनही हवा जोराने आत ओढली जाते. उंची वाढेल तसा हा आकडा दर ३०० मी.ला सु. २५ मिमी.ने घटतो. महाबळेश्वरसारख्या सु. १,३५० मी. उंचीवरील ठिकाणी निर्वातमापकाने शंभरावर मिमी. कमी निर्वात दाखविला, तर तो एंजिनाचा दोष समजू नये. तेथे हवा विरळ असल्याने साध्या कार्बोरेटरातील मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाणही वाढते.

कार्बोरेटरात निर्भार गतीसाठी दोन स्क्रू असतात. एकाने थ्रॉटल झडप किती उघडी राहावी हे ठरते व दुसऱ्याने मिश्रणाचे प्रमाण ठरते. एंजिन पूर्ण तापल्यावर पहिल्याने गती ठरवावी, दुसरा फिरवून त्या स्थितीतील कमाल गती शोधावी व पुन्हा पहिल्याने ती खाली आणावी. ठिणगीतील किंवा हवेच्या गळतीतील दोष झाकण्यासाठी पहिला स्क्रू आवळून गती वाढविण्याची प्रथा चुकीची आहे. त्यामुळे लक्षण दिसेनासे होते, पण दोष वाढत राहतो.

एंजिन सुरू न होणे : प्रथम घटमाला तपासतात. पूर्ण भारित घटमालेचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. प्रारंभक (‘स्टार्टर’) फिरत असताना तो ९·५ व्होल्टच्या खाली गेल्यास घटमाला अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे, असे समजतात. प्रारंभक एंजिनास फिरवू शकत असला, तरी दाब इतका खालावल्यास वेटोळ्यास पुरेसा प्रवाह मिळत नाही, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

त्यानंतर ठिणगी पाहतात. गुडदी बाहेर काढून एंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु तिच्यावर विसंबता येत नाही. उघड्या हवेत गुडदीतील अंतर ओलांडण्यास सु. ३,००० व्होल्ट पुरतात, तर सिलिंडरातील दाबलेल्या मिश्रणात त्याच अंतरासाठी त्याच्या कित्येक पट दाब लागतो. म्हणून बाहेर दिसणारी ठिणगी आत पडतेच असे नाही. याकरिता सु. ६ मिमी. अंतराची परीक्षण-गुडदी वापरतात. तीतून निळसर, कडकडणारी ठिणगी पडल्यास वेटोळे ठीक आहे; पिवळसर, बारीक ठिणगी पडल्यास दोष प्रज्वलन मंडलात आहे. वेटोळ्याकडून वितरकाकडे येणाऱ्या तारेत ठिणगी आहे, पण गुडदीपर्यंत पोहोचत नाही, तर वितरकाचे झाकण, भुजा किंवा तारा सदोष असतात. मुळातच ठिणगी नसेल, तर स्पर्शक, धारित्र, वेटोळे व किल्लीचा स्विच यांची तपासणी करतात.

किल्ली प्रारंभक स्थितीत असताना एंजिन पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते, असा एक नमुनेदार दोष आहे. काही गाड्यांत नेहमीचा प्रवाह एका श्रेणी-रोधातून जातो व सुरू करतेवेळी तो रोध वगळला जातो. हा रोध तुटल्यास वरील लक्षण दिसते. त्यासाठी कार्बोरेटर उघडण्याचे कारण नसते.

कोकण व मुंबई यांसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यात वितरकाच्या झाकणावर ओल बसते आणि उच्च दाबाचा प्रवाह तिच्यातून निसटतो. झाकण आतून-बाहेरून कोरडे पुसल्यावर एंजिन बहुधा सुरू होते. मात्र निसटत्या प्रवाहाने झाकणावर कोळशाची केसासारखी रेघ उमटली असेल, तर पुसून उपयोग होत नाही. झाकण बदलावेच लागते. रात्रीच्या अंधारात एंजिन चालू ठेवून पाहिल्यास तारांवर व झाकणावर निसटणाऱ्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात.

ठिणगी हुकणे : एखाद्या सिलिंडरात ठिणगी हुकल्यास एंजिन ठराविक तालात हिसके देते. कारागीर यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या एंजिनात निर्भार गतीस एकेका सिलिंडराची ठिणगी क्षणभर तोडून पाहतात. निरोगी सिलिंडर तोडल्यास गती घटते. ज्या सिलिंडराची ठिणगी तोडूनही गतीत फरक पडत नाही, तोच सदोष होय. मग त्याची गुडदी शेजारच्या सिलिंडराशी अदलाबदल करतात. दोष गुडदीबरोबर सरकला तर गुडदी सदोष, तेथेच राहिला तर तार, संपीडन किंवा हवेची गळती यांकडे वळावे लागते.

काढलेल्या गुडदीचा रंग बोलका असतो. फिकट तपकिरी किंवा राखी रंग ज्वलन योग्य असल्याचे दर्शवितो. कोरडी काळी काजळी मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याची खूण होय. तेलकट काळा थर दट्ट्याची कडी किंवा झडपेचा मार्गदर्शक झिजल्याचे सुचवितो. पांढरीफटक, फोड आलेली गुडदी विरल मिश्रण, फाजील अग्रता किंवा गुडदीचा चुकीचा उष्णता-क्रमांक दर्शविते. संपीडित नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या गाड्यांत ठिणगीसाठी अधिक दाब लागतो व ज्वलनही मंद असते. म्हणून पेट्रोलवर निमूट चालणारी सुमार गुडदी किंवा तार वायूवर गाडी जाताच हुकू लागते.

गतीतील अस्थिरता : निर्भार गती कमी-जास्त होत राहणे, हे हवेच्या गळतीचे प्रमुख लक्षण आहे. कार्बोरेटराच्या बुडातील गॅस्केट, निर्वात नळ्या व ब्रेक-साहाय्यकाची नळी या नेहमीच्या जागा होत. नळ्या एकेक करून चिमटल्या असता जिच्यामुळे गती सुधारते ती सदोष ठरते. वितरकावरील निर्वात पडदा फाटल्यास एकाच भागातून दोन दोष उद्भवतात : अग्रता मिळत नाही व फाटलेल्या पडद्यातून हवा नळीत शिरते. अशा वेळी प्रज्वलन व कार्बोरेटर स्वतंत्रपणे तपासणाऱ्यास दोन्हीकडे दोष दिसतो, पण कारण सापडत नाही.

थंड एंजिन नीट चालते व तापल्यावर बंद पडते, यामागे वेटोळे, धारित्र किंवा चोक यांचा दोष असू शकतो. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटासारख्या लांब चढावर जुन्या गाड्यांच्या पंपात व नळीत पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा तुटत असे. पंपावर ओले फडके ठेवले की काही वेळाने एंजिन पूर्ववत चाले. हे लक्षण प्रज्वलनदोषासारखे दिसत असले, तरी ठिणगी तपासताच फरक कळून येतो. किल्ली बंद केल्यावरही एंजिन धडधडत राहिल्यास सिलिंडरातील तापलेला कोळशाचा थर, फार वाढलेली निर्भार गती किंवा कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल कारणीभूत असते. येथे ठिणगी नसतानाच मिश्रण पेटत असते.

संगणक-नियंत्रित एंजिन : या एंजिनांत खंडक, वितरक व कार्बोरेटर नसतात. बहुधा प्रत्येक गुडदीस स्वतंत्र वेटोळे असते. भुजादंडाची स्थिती, हवेचे प्रमाण, पाण्याचे तापमान व निष्कास वायूतील ऑक्सिजन यांची संवेदके माहिती पुरवितात व तीनुसार संगणक ठिणगीचा क्षण, इंधनाचे प्रमाण आणि निर्भार गती ठरवितो. थ्रॉटल झडपेच्या कडेवर काजळीचा थर बसल्यास गती खालावते किंवा गाडी सिग्नलला थांबताच एंजिन बंद पडते. थर साफ केल्यावर काही गाड्यांत संगणकाला झडपेची नवी स्थिती पुन्हा शिकवावी लागते. भुजादंडाचे संवेदक तापल्यावर निकामी होत असेल, तर धावती गाडी एकदम बंद पडते व थंड झाल्यावर सुरू होते.

दोष आढळल्यास संगणक त्याचा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो, उदा., पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन हुकणे, पी ०१७१ म्हणजे मिश्रण विरल असणे. हा क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ठिणगी हुकलेल्या सिलिंडरातून न जळलेले इंधन व त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. संवेदक फक्त ऑक्सिजन ओळखते; त्यामुळे ते मिश्रण विरल असल्याचे कळविते आणि संगणक इंधन आणखी वाढवितो. अशा वेळी संवेदक बदलणे व्यर्थ होय. दोष वेटोळ्याचा किंवा गुडदीचा असतो. साधने बदलली, तरी लक्षण व कारण यांतील अंतर कायम राहिले आहे.

सुरक्षितता : न जळलेले इंधन निष्कास नळीतील उत्प्रेरक परिवर्तकात जळून तो अतितप्त होतो व कायमचा निकामी होतो. दर्शक फलकावरील एंजिनाचा दिवा उघडझाप करू लागल्यास वेग व भार ताबडतोब कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवितात. सध्याच्या प्रज्वलन मंडलातील दाब ३०,००० व्होल्टहूनही जास्त असू शकतो. तार उघडी ठेवून एंजिन फिरविल्यास माणसास धक्का बसतो, तसेच इलेक्ट्रॉनीय भागही जळतात. बंदिस्त जागेत एंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडास रंग वा वास नसतो व त्याने काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो.

वारंवार बंद पडणारे एंजिन ही केवळ गैरसोय नसते. बहुसंख्य गाड्यांत ब्रेकचे साहाय्य एंजिनाच्या निर्वातापासून मिळते. एंजिन बंद पडल्यावर साठलेला निर्वात ब्रेक दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच टिकतो. त्यानंतर पायटा अतिशय जड होतो. शक्तिचलित सुकाणूचेही साहाय्य काही गाड्यांत त्याच वेळी जाते. घाट उतरताना किंवा रेल्वे फाटकावर हा दोष उद्भवल्यास अपघात घडू शकतो. यास्तव उभ्या गाडीत एंजिन एकदोनदा आपोआप बंद पडले, तरी निर्भार गतीचा स्क्रू आवळून वेळ मारून न नेता मूळ कारण शोधणे आवश्यक ठरते.